मे महिना काढून दाखवला

वीर स्टेशनवर दुपारची गाडी यायच्या आधी मी रिक्षाच्या आरशात बघून तयार होते. नवरीला लागत नसेल एवढा वेळ मला लागतो. आधी मानेला, कानांना, ओठांभोवती आणि हातांना मलम, मग डोक्यावर आणि मानेवर येईल असा रुमाल, त्यावर टोपी, आणि शेवटी बोटांपर्यंत ओढलेल्या बाह्या. पाण्याची बाटली जागेवर आहे ना ते बघते आणि रांगेत रिक्षा पुढे घेते. नवीन प्रवासी माझ्याजवळ आला की हमखास थबकतो. एवढ्या उकाड्यात ही बाई अशी गुंडाळून का बसलीय, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. काहीजण विचारतात, काहीजण मागच्या रिक्षाकडे वळतात. वळणाऱ्यांना मी हाका मारत नाही.

मला कोड आहे. सरळ सांगून टाकते, कारण आडून आडून विचारणाऱ्यांचा मला वीट आलाय. दोन्ही हातांवर, मानेवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग आहेत. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, कुणाला लागत नाहीत. त्यांचं वाकडं आहे ते फक्त उन्हाशी. बाकीची कातडी ऊन खाऊन रापते आणि गप्प बसते. डागाच्या जागी रापायला रंगच नाही, तिथं ती सरळ भाजते. दुसरी माणसं अख्खी सकाळ शेतात काढतात, तेवढ्यात माझा उघडा हात लाल होऊन ठणकायला लागलेला असतो. आणि तरी मी भर दुपारी रिक्षा चालवते. हे कसं झालं ते सांगायला मला फार आवडतं, म्हणून सांगते.

माझं माहेर आंबेनळी घाटाच्या रस्त्यापासून वर चढून जावं लागतं त्या एका वाडीत. पहिला डाग उमटला तेव्हा मी चौथीत होते. मग सल्ल्यांना काय तोटा? कुणी म्हणालं मासे बंद करा, कुणी म्हणालं पोरीनं माशांवर दूध प्यायलं असेल. शेवटी काकूच्या माहेराहून बावचीच्या तेलाची बाटली आली. हे तेल डागावर लावून उन्हात बसायचं, म्हणजे रंग परत येतो, असा निरोप त्या बाटलीबरोबर होता. किती लावायचं आणि किती वेळ बसायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्याकडून कुणी विचारलंही नाही.

काकू वाईट नव्हती. तिला फक्त कुठलीही गोष्ट फुकट गेलेली आवडायची नाही. मे महिना होता. अंगणात रातांब्याची सालं आमसुलांसाठी वाळत घातलेली होती, आणि कावळ्या-कोंबड्यांपासून ती राखायला रोज कुणीतरी बसावं लागायचं. पोरीला उन्हात बसवायचंच आहे तर आमसुलं तरी राखील, असा काकूनं विचार केला. तेल चोपडून, हातात काठी देऊन तिनं मला चटईच्या कडेला बसवलं. लवकर गुण यावा म्हणून जेवायलाही तिथंच वाढलं. मी मात्र खूश होते. एवढं मोठं काम माझ्या एकटीकडे पहिल्यांदाच आलं होतं, आणि एकाही कावळ्याला मी आमसूल नेऊ दिलं नाही.

संध्याकाळी हातांवर आणि मानेवर टपोरे फोड आले. ते तेलच असं असतं की ऊन त्याच्यावर दुप्पट चढतं, पण हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? भाजलंय म्हणून काकूनं मुठेल, म्हणजे कोकमाचं थिजलेलं तेल, गरम करून वर थापलं. शेजारणीनं त्यावर टूथपेस्ट लावली. मी जी किंचाळले ती खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात. तेव्हा मात्र आईनं कुणाचं ऐकलं नाही. मला पाठीवर घेऊन ती रस्त्यावर उतरली, पोलादपूरला जाणारी जीप थांबवली आणि सबंध वाटभर लोकांच्या बाटल्यांतलं पाणी मागून माझ्या हातांवर ओतत राहिली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तो सगळा लेप हलक्या हातानं धुऊन काढला. आईला म्हणाल्या, "तुम्ही वाटेत पाणी ओतलंत तेवढंच बरोबर केलंत."

हात बरे झाले. डाग होते तिथंच राहिले. पण त्या दिवसापासून माझी दुपार गेली. सूर्य डोक्यावर यायला लागला की वाडीतल्या कुठल्याही घरातून हाक यायची, "अगो, घरात जा, ऊन लागंल!" शिमग्याला सगळी पोरं होळीची लाकडं आणायला रानात जायची आणि मी ओटीवर. लावणीला अख्खी वाडी शेतात आणि मी चुलीपाशी. शाळेची सहल निघाली तेव्हा मास्तरांनी माझं नाव घेतलंच नाही, आणि आईला ते बरोबर वाटलं. सगळे मायेनंच म्हणायचे, म्हणून तर भांडता यायचं नाही. मला राग त्या फोडांचा नाही, या मायेचा येतो. तिनं माझं अर्धं आयुष्य सावलीत बसवून ठेवलं. घरात बसून मी शिवणकाम शिकले आणि उलट बोलायला शिकले. दोन्हींचा पुढे उपयोग झाला.

माझं लग्न वीर आणि दासगावच्या मधल्या एका गावात झालं. बघायला आले तेव्हा मी मुद्दाम बाह्या वर सरकवून चहाचा ट्रे धरला होता. नंतर भानगड नको. नवऱ्यानं हातांकडे बघितलं, मग कपाकडे बघितलं आणि म्हणाला, "चहा झ्याक झालाय." तिथंच मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. तो वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचा. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला महाडच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि रिक्षा दारातल्या फणसाखाली उभी राहिली. महाडचा त्याचा एक मित्र ती विकत मागत होता. येता-जाता टायरला लाथ मारून बघायचा.

"विकताय कशाला?" मी म्हटलं. "मी चालवते."

नवरा हसला. मग मी हसत नाही असं बघून थांबला. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी वर न बघता विचारलं, "आणि ऊन गो? ऊन काय तुझ्या बापाचा नोकर हाय?"

तरी त्यानं शिकवली. संध्याकाळी मैदानात नेऊन शिकवली, क्लच सोडताना मी रिक्षा बेडकासारखी उडवायची तेव्हा कपाळाला हात लावला, पण शिकवली. लायसन झालं, बॅज मिळाला. सकाळची आणि संध्याकाळची गाडी मी करायला लागले. एवढ्यावर सगळे खूश होते. मी नव्हते. दुपारच्या गाडीला मुंबईकर चाकरमानी उतरतात, बॅगा, बोचकी, पोरंबाळं घेऊन. खरा धंदा तो. आणि खरं सांगायचं तर धंद्यापेक्षाही मला ती दुपार हवी होती. ती माझ्याकडून घेतली होती आणि मला ती परत पाहिजे होती.

एप्रिलच्या शेवटी एकदा मी घरी न सांगता दुपारची गाडी केली. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, रुमाल, सगळं घालून गेले होते. महाडला जाऊन परत येईपर्यंत छान वाटलं. मग उजव्या मनगटाला चुरचुरायला लागलं. ॲक्सिलेटर पिळताना बाही मागे सरकते आणि मोजा पुढे राहतो, त्या दोघांच्या मधली बोटभर पट्टी उन्हाला सापडली होती. घरी येईपर्यंत तिथं लालभडक बांगडी झाली.

मी नळाखाली हात धरून बसले. सासूबाई धावत आल्या त्या मुठेलाची वाटी घेऊनच.

"तेल लाव गो, भाजलंय ना."

"आई, भाजलंय म्हणूनच तेल नको. आतली धग आतच राहते."

"मग बरफ लाव."

"बरफही नको. साधं पाणी आणि ओलं फडकं. सुकलं की परत ओलं करायचं."

"येवढंच? याला काय औषध म्हणतात?"

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं माझा हात हातात घेऊन ती बांगडी बघितली आणि त्याचा चेहरा असा काही पडला की मलाच कसंतरी झालं.

"रिक्षा देऊन टाकू," तो म्हणाला. "मला नाय बघवत."

मग मी भांडले. जन्मभराचं साठलेलं सगळं त्या बिचाऱ्याच्या अंगावर काढलं. शेवटी त्यानं हात टेकले. "बरं. मे महिना काढून दाखव. दुपारच्या गाडीसकट. महिन्यात एकदा जरी भाजलीस तर रिक्षा महाडच्या त्या मित्राला देणार. नाय भाजलीस तर मी पुन्ना विषय नाय काढणार."

त्याची अटकळ अशी होती की दोन दुपारी करून मी आपणहून गप्प बसेन. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून माणसाला एवढंही कळू नये?

सगळ्यात आधी मी महाडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ऊन अडवणारं मलम त्यांनी पूर्वीच दिलं होतं, आणि मी ते रोज लावतही होते. कसं लावता ते दाखवा, म्हणाल्या. मी दाखवलं. "हे काय, देवाला गंध लावताय का?" त्यांनी माझ्या तळहातावर भसकन मलम काढलं. एवढं लावायचं, निघायच्या आधी थोडा वेळ लावून ठेवायचं, आणि दोन तासांनी परत. घाम पुसलात तर लगेच परत. कान विसरायचे नाहीत. मी भरपूर लावून आरशात बघितलं तर डाग आणि मलम यांत काही फरकच राहिला नव्हता, सगळीच मी एका रंगाची. मला हसू आवरेना. बाई म्हणाल्या, हसा, पण लावा. आणि मलमाच्या भरवशावर उघडे हात मिरवू नका, आधी कपडा, मग मलम.

कपड्यासाठी स्टँडवरचे चाचा कामी आले. ते दासगावचे, सगळी जवानी आखातात बांधकामावर गेली, आता रिक्षा चालवतात आणि तिकडच्या उन्हाच्या गोष्टी सांगून आम्हा सगळ्यांचं डोकं खातात. "तिकडं उन्हाळ्यात दुपारचं काम बंद म्हणजे बंद! तुमचं हे ऊन म्हणजे आमच्याकडली थंडी!" एरवी मी कानाडोळा करायचे, त्या दिवशी जवळ जाऊन बसले. माझा शर्ट त्यांनी उन्हासमोर धरला. "बघ बेटी, पलीकडला झाड दिसतंय ना? मग ऊनबी आत येणार." मापाचा घट्ट शर्टही नको, ढगळ पाहिजे, वारा खेळला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकडून आणलेला मोठा रुमाल मला दिला आणि तो मानेवरून कसा घ्यायचा ते सगळ्या स्टँडसमोर करून दाखवलं.

मी मशीन काढलं. नवऱ्याच्या जुन्या जाड सुती शर्टांच्या बाह्या लांब केल्या आणि पुढे अंगठा घालायला काज केलं. आता कितीही ॲक्सिलेटर पिळा, बाही सरकायची नाही. ती बोटभर पट्टी कायमची मिटली. त्या काजाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा लायसनचाही नाही.

राहिला बाजूचा सूर्य. दुपार कलली की महाडला जाताना ऊन उजवीकडून येतं आणि परत येताना डावीकडून. रिक्षाला टप आहे, पण बाजूला काही नाही. पावसाळ्यात लावायचा रेक्झिनचा पडदा माळ्यावर होता. तो काढून मी ज्या बाजूला ऊन त्या बाजूला बांधला. मे महिन्यात, लखलखीत उन्हात, पावसाचा पडदा सोडलेली रिक्षा स्टँडवर आली आणि सगळ्यांची करमणूक झाली.

"काय गो, वीरला पाऊस चालू झाला काय?"

"नाय ओ, माझ्याकडंच पडतोय," मी म्हटलं. "तुमच्या नशिबात नाय."

असा मे सुरू झाला. रोज संध्याकाळी नवरा मला ट्यूबलाइटखाली उभं करून तपासायचा. हात उलटे, सुलटे, मान, कानामागे. बाजारात बाया मासळीचे कल्ले उघडून बघतात, तसं. मी ताठ उभी राहायचे. पहिल्या आठवड्यात सासूबाई मुलाच्या बाजूनं शेजारी उभ्या राहून बघायच्या. नंतर कधीतरी त्या गुपचूप माझ्या बाजूला आल्या, कारण सकाळी माझी पाण्याची बाटली आपोआप भरलेली असायला लागली आणि एक दिवस जेवताना त्या मुलाला म्हणाल्या, "रोज काय बघतोस रे? बायको हाय, आंबा नाय."

सोपं होतं असं नाही. घामानं मलम डोळ्यांत उतरायचं. कपड्यांत जीव घुसमटायचा, मग गाडीला उशीर असला की मी चिंचेच्या सावलीत बसून पाणी प्यायचे आणि रुमाल ओला करून घ्यायचे. एक बाई माझ्या बोटांवरचे डाग बघून अर्ध्यातून उतरली. तेव्हा डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? पण घरी मी ते सांगितलं नाही. अट भाजण्याची होती, रडण्याची नव्हती.

महिना निम्म्यावर गेला आणि दासगावच्या अलीकडे मागचा टायर बसला. ऐन दुपार. रस्त्याच्या रुंदीकरणात झाडं गेलेली, सावली म्हणून नाही. मागे एक मुसलमान बाई होती, मुंबईहून लेकीकडे आलेली, आणि तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ. स्टेपनी होती, जॅक होता. पण बाह्या अंगठ्यात अडकवलेल्या असताना पाना नीट धरता येईना. नटला जोर लावायचा तर हात मोकळे पाहिजेत. टायर बदलायला लागणारा वेळ माझ्या हातांना पुरेसा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"काय झाला गो? हात का बघत बसलीस?" बाईनं विचारलं.

मी सांगितलं. कोड आहे, ऊन लागलं की भाजतं, आणि यंदा भाजलं तर रिक्षा जाईल. तिनं पिशवीतून छत्री काढली, खाली उतरली आणि उघडून माझ्या डोक्यावर धरली. तेवढ्यानं पुरेना, ऊन बाजूनं येत होतं. मग त्या म्हाताऱ्यांनी पडद्याच्या दोऱ्या सोडल्या, त्याचं एक टोक टपाला ठेवून दुसरं हातात ताणून धरलं. मी त्या दोघांच्या मधल्या सावलीत बसून, बाह्या कोपरापर्यंत वर करून, पांढरे हात मोकळे सोडून टायर बदलला. रस्त्यावरचे ट्रकवाले वळून वळून बघत होते. बघू देत. टायर बदलून झाला तेव्हा बाईनं छत्री मिटली आणि म्हणाली, "तुझ्या मरदाला सांग, रिक्षा नाय जायाची." त्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मी हात पुढे केले तेव्हा त्यांना ग्रीसचा वास येत होता, पण लाली नव्हती.

मेचा शेवटचा रविवार उजाडला. पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे घरं शाकारतात. कौलं काढून फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची. नवरा सकाळीच छपरावर चढला, कमरेला टॉवेल, वरती उघडा. आभाळात पांढरट ढग होते आणि खाडीकडून वारा येत होता.

"अंगात काहीतरी घाला," मी खालून म्हटलं.

"ऊन कुठं हाय? आभाळ आलंय."

"ढगातनंही भाजतं. वाऱ्यानं तर कळतही नाही."

"मला काय होतंय? मी काय तुझ्यासारखा हाय?"

हे लागलं. तो तसं मनात धरून बोलला नव्हता, पण लागलं. मी अंगठे काजात अडकवले आणि गाडीला गेले.

संध्याकाळी परत आले तर घर चिडीचूप. नवरा ओटीवर पालथा. काळ्या पाठीवर लाली कुठली दिसायला? पण मी हात जवळ नेला आणि तव्यावर धरल्यासारखी धग लागली. खांद्यांवर बारीक फोड धरले होते. त्याला चादरीचा स्पर्श सोसत नव्हता. कारखान्यातला एवढा दणकट गडी, पोरासारखा कण्हत होता. आमच्याकडे सगळ्यांची अशी ठाम समजूत की काळ्या माणसाला ऊन बाधत नाही. त्याला काही काळ जास्त सोसतं एवढंच, सूर्य कुणाला सोडत नाही.

सासूबाई मुठेलाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गपचूप वाटी कोनाड्यात ठेवली आणि बादलीत पाणी आणायला गेल्या. मी त्यांचं जुनं मऊ सुती लुगडं फाडलं, ओलं करून त्याच्या पाठीवर पसरलं, आणि गरम झालं की बदलत राहिले. फोडाला हात लावायचा नाही असं बजावलं. मीठ-साखर घातलेलं पाणी तांब्यानं पाजलं. तो म्हणाला, "तुझ्या त्या ट्यूबमधलं लाव ना जरा." मी म्हटलं, "ते आधी लावायचं असतं."

सकाळी अंगात कणकण होती, म्हणून मी त्याला रिक्षात घालून महाडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाठ टेकता येत नव्हती, सबंध वाट तो पुढे वाकून, माझ्या सीटची दांडी धरून बसला होता. बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"माझे मिस्टर," मी म्हटलं. "यांना ऊन बाधत नाही."

बाई हसल्या, आणि पालथा पडलेला तोही हसला, आणि हसल्यानं पाठ दुखली म्हणून ओय ओय करायला लागला. एवढं गोड मला कित्येक वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं. चांगल्या बायकोनं असं म्हणू नये, पण आलं नव्हतं.

महिना संपला त्या दिवशी तो मित्र आला. अट त्याला ठाऊक होती, आणि निकालाची त्याला खात्रीही होती, कारण रिक्षा चालवतच न्यायची म्हणून तो महाडहून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून आला होता. येताना सवयीनं त्यानं टायरला लाथ मारली. नवरा ओटीवर पालथा, पाठीवर ओलं फडकं.

"काय रे, तुला काय झाला?"

"उन्हानं भाजलो."

"तू? आणि वैनी?"

नवऱ्यानं मला हाक मारली. मी आतून आले. "हात दाखव त्याला," तो म्हणाला. मी बाह्या वर केल्या आणि हात पुढे धरले. पांढरे डाग पांढरे, सावळी कातडी सावळी, आणि कुठं एक ओरखडा नाही. मित्र बघतच राहिला.

"आख्खा मे काढला हिनं," नवरा जमिनीकडे तोंड करूनच बोलत होता, कारण त्याला मान वळवता येत नव्हती. "रोज दुपार. माझी पाठ एका दिवसात गेली. आता तूच सांग, आमच्यात नाजूक कोण? रिक्षा विकायची नाय. ती हिची हाय."

मला काहीतरी खमंग उत्तर द्यायचं होतं. महिनाभर मी ते मनात घोळवून ठेवलं होतं. पण त्याच्या पाठीवरचं फडकं गरम झालं होतं. मी फडकं उचललं, बादलीत बुडवलं, पिळलं आणि परत त्याच्या पाठीवर टाकलं. मित्र बिचारा चपला शोधायला लागला.

तेवढ्यात नवऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे कशीबशी मान उचलली.

"अगो, बारा वाजून गेले की! हितं काय बसलीस? गाडी यायची वेळ झाली. आई, हिची बाटली भर. जा, ऊठ, उशीर होईल."

बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. लहानपणापासून त्या वेळेला मला प्रत्येकानं घरात जा म्हटलेलं. बाहेर जा म्हणणारा हा पहिला माणूस. मी अंगठे काजात अडकवले आणि निघाले.